काचेवरची पेन्सिल

"सांगा ना बाबा, यातला सगळ्यात देखणा कोण?"

हेरंब सबनीसने तिसऱ्यांदा विचारलं.

चटईवर त्याने चौदा फोटो मांडले होते. सगळे जुने, सगळे पुरुषांचे. फेटा बांधलेले पैलवान, मिशीला पीळ दिलेले फौजदार, तिरक्या टोपीतले नट. एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं.

कमालबाबा फोटोंकडे न बघता त्याच्याकडेच बघत होते. मिरजेबाहेर एका लहानशा दर्ग्याला लागून त्यांची खोली होती. वय ऐंशीच्या पुढे. फकिरी घेण्याआधी ते एका फोटो स्टुडिओत कामाला होते, एवढं कुठूनसं ऐकून हेरंब पुण्याहून आला होता.

"असे पुरुष आता राहिले नाहीत. वीस वर्षं जमवतोय मी. जुन्या बाजारात माझ्यासारखी पारख कुणाला..."

वाक्य अर्धं टाकून तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला. एक फोटो उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला. मग पुन्हा होता तिथे.

"बस," बाबा म्हणाले.

तो बसला. गुडघा हलतच राहिला.

"एक फोटो किती वेळ बघतोस?"

"बघतो की. पण एक हाती आला की लगेच पुढच्याची ओढ लागते. चैन पडत नाही. एकच अपवाद आहे."

त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून बटरपेपरात गुंडाळलेला फोटो काढला. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा असलेला तरुण. काळा कोट, रुंद खांदे, नितळ गाल.

"नऊ वर्षांपूर्वी मिळाला. रोज सकाळी याला बघतो. मग आरशात बघवत नाही."

बाबा फोटो घेऊन खिडकीपाशी गेले. त्यांनी तो उजेडात जरासा तिरका धरला. त्यांचा अंगठा त्या तरुणाच्या हनुवटीशी येऊन थांबला...

"दौलत," ते म्हणाले.

हेरंब ताडकन उठला. "ओळखता तुम्ही? कोण होता? घराणं कुठलं?"

"टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. कोट स्टुडिओचा आहे. गाल माझे."

हेरंबला काही उमजेना.

"लहानपणी देवी आल्या होत्या त्याला. तोंडभर व्रण. मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा होता. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. मी ती काच उजेडाला लावली, पेन्सिलीला टोक काढलं, आणि एकेक खड्डा बुजवला."



हेरंबचा हात आपसूक डाव्या गालावर गेला. सहा वर्षांचा असताना स्टोव्हच्या भडक्यात तो गाल भाजला होता. दाढी फुटल्यापासून त्याने तो तिच्याखाली झाकला होता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो उजवी बाजू पुढे करूनच उभा होता.

बाबांनी ते पाहिलं. पाहून नजर वळवली नाही.

"लग्न... झालं त्याचं?"

"झालं. पुढे एकदा बायको त्याच्याबरोबर स्टुडिओत आली. हा फोटो मालकांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, हा तुमच्याकडेच राहू द्या. हा माणूस आमच्या घरात नाही."

"रागावली होती?"

"हसत होती. दौलतही हसत होता."

हेरंब खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागला. त्याच्या पायाने चटईवरचे दोन फोटो सरकले, तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

"मग नऊ वर्षं मी बघत कुणाला होतो? तुमची पेन्सिल?"

बाबांनी वाकून सरकलेले दोन फोटो जागेवर ठेवले.

"आणि तो? तो देखणा नव्हताच तर..."

बाबांनी फोटो पुन्हा बटरपेपरात गुंडाळला आणि त्याच्या हातात ठेवला. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"दोन दिवस भिंगातून तो चेहरा बघत होतो, बेटा. एकही व्रण बुजवावा असं वाटत नव्हतं."