फासाला दोर न देणारी गोजराबाई

एकदा काय झालं, एका राजाच्या गावात गोजराबाई नावाची दोर वळणारी राहायची. तिच्या दोरात जादू होती, बरं का. वळता वळता ती दोराला काम सांगायची. "तू बैल बांध," म्हटलं की तो दोर जन्मभर बैलच बांधायचा, तुटायचं नाव नाही की दुसरं काम करायचं नाव नाही. "तू पाळणा पेल," म्हटलं की बाळ निर्धास्त. अख्ख्या राज्यात दुसऱ्या कुणाला दोर वळता येत नव्हता. पण एकट्याने काही दोर वळत नाही. दुसरं टोक धरून तिचा मुलगा सावळा उभा राहायचा.

मग एक दिवस पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. लिंबाजी नावाच्या तापट माणसाने सावळ्याच्या डोक्यात पहार घातली. सावळा गेला. एकुलता एक हो! गोजराबाईच्या पोटात चार दिवस अन्नाचा कण नव्हता.

राजा म्हणाला, "लिंबाजीला फाशी. दोर गोजराबाईनेच वळायचा." त्या शहाण्याला वाटलं, आपण म्हातारीवर उपकारच करतोय.

मग तिने वळायला अंबाडीचे तंतू घेतले. शेजारणीने टोक धरलं. दोर वळून झाला, पण "गळा आवळ" हे काही तिच्या तोंडातून निघेना. काम न सांगितलेला दोर, सगळा पीळ सुटून पडला.

मग शिपाई आला. त्याने टोक धरलं आणि तोच ओरडला, "गळा आवळ!" त्याचं दोर ऐकतोय कशाला? पुन्हा सुटला.

मग खुद्द राजा आला आणि टोक धरून उभा राहिला. "म्हण," म्हणाला.

"न्हाई म्हनत."

"अगं, तुझा मुलगा मारलाय त्याने. राग येत नाही?"

"येतो की. सकाळी आधी राग उठतो, मग मी उठते. पर म्हाराज, माझ्या दोरानं हिरीतनं मानसं वर काढली. मानूस मारायचं काम मी त्याला सांगनार न्हाई."

"मग तुलाच फासावर चढवतो."

"चढवा की. दोर कोन वळंल?"

राजाने हातातलं टोक खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "याचं करू तरी काय?"

"बेडी घाला आन् माझ्याकडं धाडा. माझं टोक धरनारा त्यानं नेला. आता त्यानंच धरावं."

"आणि पुन्हा कुणाला मारलं तर?"

"त्याच्या समोर मी उभी असनार. पयली मीच मरंन."

मग लिंबाजी रोज टोक धरू लागला. पहिलं वर्ष ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "घट्ट धर." तिसऱ्या वर्षी तिने त्याची बेडी काढायला लावली आणि भाकरी वाढली. तो रडला. ती नाही रडली. कुणी विचारलं तर म्हणायची, "माफ न्हाई केलं. मारलं न्हाई, एवढंच."

त्या राज्यात पुढे कुणालाच फाशी झाली नाही. राजा दयाळू झाला म्हणून नव्हे, बरं का. त्याला दोरच मिळाला नाही. माणसं मात्र सुखाने नांदली, लिंबाजीसुद्धा. चला, पाय घ्या पांघरुणात आणि मिटा डोळे.