जीपमधला चिखल

वत्सलाबाई घोरपड्यांनी साताऱ्याचं घर आवरलं आणि त्या परदेशातल्या मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या. बरोबर नेली ती कैलासवासी यजमानांची जुनी फोर-बाय-फोर जीप. त्या जीपमध्ये पायात चपला घालून कोणी बसायचं नाही, हा यजमानांचा दंडक. तो त्यांच्यामागेही कोणी मोडला नव्हता.

जीप बोटीतून उतरली आणि तपासणी अधिकारी आला. सकाळच्या पावसाने बंदरावर चिखल झाला होता. अधिकारी बुटांसकट थेट जीपमध्ये चढला, तशा बाई पुढे झाल्या.

"अहो साहेब, बूट तरी..."

"आई, गप्प बस ना," मुलगा जयसिंग कुजबुजला.

एकाएकी अधिकाऱ्याने खाली बोट दाखवलं. "इथे माती आहे. रोगकिडी येऊ नयेत म्हणून परक्या मातीचा कणही आम्ही देशात येऊ देत नाही. ही गाडी आता चिरडली जाईल."

जयसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. पण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या त्या बाई. त्यांनी वाकून मातीला बोट लावलं आणि ते अधिकाऱ्यासमोर धरलं.

"साहेब, जीप महिनाभर बोटीत बंद होती. मग आमची साताऱ्याची माती अजून ओली कशी?"

अधिकाऱ्याने त्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"चिरडायचेच असतील तर ते बूट चिरडा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि पुन्हा जीपमध्ये चढाल, तेव्हा अनवाणी चढा."