धुतलेले पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून वसईकडच्या एका चर्चमध्ये दर पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुवत. यंदा सिस्टर नतालिनने आश्रमातली निराधार म्हातारी माणसं आणून बसवली. उरलेल्या एका खुर्चीत बस्त्याव शेठ हक्काने बसले. पाय त्यांनी घरूनच घासूनपुसून, अत्तर लावून आणले होते. शेजारचे धुळीने माखलेले, भेगाळलेले पाय बघून ते कडाडले, "सिस्टर, असले घाणेरडे पाय इथे? उठवा यांना!"

म्हाताऱ्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

सिस्टरने हसून शेठच्या हातात टॉवेल दिला. "शेठ, तुमचे तर धुऊन झालेत. मग आता तुम्हीच उठा, आणि फादर धुतील तसे यांचे पुसत चला."

खुर्च्यांखालचे पाय हळूच पुन्हा पुढे आले.