मधली दुपार

“पण मधल्या वेळात ती जाते कुठं, बुवा? एवढंच सांगा.”

मठाच्या ओसरीवर टेकता टेकताच श्रीरंग तांबटाने विचारलं. नमस्कार मागाहून केला.

“कोण?” केवळगिरी बुवांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“कुमुद. माझी बायको.”

श्रीरंगचं तालुक्याला भांड्यांचं दुकान होतं. हातात येणारं प्रत्येक भांडं तो बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. चीर असली की आवाज बद्द येतो. पुढेपुढे ही खोड भांड्यांपुरती राहिली नाही. नोकर, गिऱ्हाईक, पाहुणे, सगळ्यांनाच तो मनातल्या मनात वाजवून बघू लागला, आणि गंमत अशी, की त्याला जिथेतिथे चीरच ऐकू यायची. याचा त्याला अभिमानही होता.

आताही त्याने तांब्या वाजवला.

“चीर आहे याला.”

“पाणी गळतंय का?”

“आज नाही गळत.”

बुवा मिशीत हसले. “हं. बायकोचं काय म्हणत होतास?”

“आई हल्ली सगळं विसरते. दार उघडं दिसलं की रस्त्याला लागते. म्हणून घरात कॅमेरा बसवला. कुमुदला सांगितलं, चोरांसाठी आहे.”

“आणि खरा कुणासाठी?”

श्रीरंगने तांब्या खाली ठेवला.

“दोघींचं कधी पटलं नाही, बुवा. आईचे हातपाय चालत होते तेव्हा तिने हिला सुखाने घास खाऊ दिला नाही. आता आई हिच्या हातात. मी दिवसभर दुकानात. घरात काय चालतं ते मला कळायला नको?”

“मग कळलं?”

“तिथंच तर घोडं अडलंय. हे बघा.”

त्याने मोबाइल बुवांच्या समोर धरला. जेवणं झाल्यावर कुमुद सासूला धरून आणते, पलंगावर बसवते, स्वतः शेजारी बसते. तिथे चित्र तुटतं. पुढचं चित्र थेट चहाच्या वेळेचं. म्हातारी आडवी झालेली, आणि कुमुद तिच्या डोक्याखाली उशी सारून उठतेय.

“मधली दुपार गायब. रोज!”

“यंत्र बिघडलं असंल.”

“कार्ड बदललं. वायर बदलली. वायफायचा डबा उचलून त्याच खोलीत आणला. शेवटी बसवणाऱ्याला बोलावलं. तो म्हणतो, हा कॅमेरा सलग टिपतच नाही. समोर काही हललं तर टिपतो, नाहीतर थांबतो.”

“मग झालं की.”

“काय झालं? खोलीत दोन जिवंत माणसं, आणि दुपारभर हलत नाहीत? मी काय दूधखुळा आहे? तोही तिला सामील, दुसरं काय!”

बुवांनी मोबाइल जरा लांब धरला. डोळे बारीक केले.

“ही अशी का चालतीय?”

चित्रात कुमुद एक पाय झटकत होती. मग भिंतीला धरून ती लंगडत दाराकडे गेली.

“तेच म्हणतो मी! रोज अशीच लंगडते. कुठंतरी लांबवर चालून येत असणार. कॅमेरा बंद करायचा, आईला कोंडायचं आणि जायचं. आल्यावर पुन्हा चालू करून इथंच बसल्याचं सोंग.”

“तिला विचारलंस?”

“विचारलं तर सावध होईल. उद्या सकाळी तिच्या भावाला बोलावलंय. घेऊन जाईल तिला. कायमची...”

कुमुदशिवाय घर कसं दिसेल, हे त्याला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. पण संशय एकदा उंबरा ओलांडून आत आला, की घरातल्या माणसालाच बाहेर काढतो.

“बुवा, काहीतरी बोला.”

“हितं ये. शेजारी बस.”

श्रीरंग भिंतीला टेकून बसला. दिवस मावळला होता. डोक्यावर एक दिवा जळत होता, कुणा भक्ताने बसवून दिलेला. त्याला बटण नव्हतं. मघाशी श्रीरंगने पायरीवर पाय ठेवताच तो आपोआप लागला, तेव्हा आत कोण लपलंय म्हणून त्याने डोकावूनही पाहिलं होतं.

बुवांनी एक जांभई दिली.

त्यांचे डोळे मिटत गेले. मान कलली, आणि कलता कलता म्हातारा श्रीरंगच्या मांडीवर आडवा झाला.

सोंग तर नसेल? श्रीरंगने कान देऊन ऐकलं. श्वास संथ होता. तोंड किंचित उघडं पडलं होतं, लहान मुलासारखं. म्हाताऱ्या माणसाला झोप कुठे लागते सहजासहजी? बुवांना हलवायला उचललेला हात त्याने तसाच हळूच खाली ठेवला.

कानाशी डास गुणगुणला. त्याने मारला नाही.

दिवा गेला.

“कोण आहे?” श्रीरंगने दबक्या आवाजात विचारलं. कुणी घालवला दिवा? उठून बघावं, असं फार वाटलं. पण मांडीवर बुवांचं डोकं होतं.

पायाला मुंग्या आल्या. मग पाय आहे की नाही तेही कळेना. खाली गावातल्या देवळात आरती सुरू झाली, संपली. श्रीरंग हलला नाही.

कधीतरी बुवा खोकले आणि उठून बसले. दिवा लख्ख लागला.

श्रीरंग उभा राहायला गेला. पाय टेकेना. त्याने पाय झटकला, भिंतीला धरलं, आणि लंगडत दोन पावलं टाकली...

भिंतीवरचा हात तिथेच राहिला.

बुवा डोळे चोळत त्याच्या पायाकडे बघत होते.

“कुठं गेला होतास रं?”