शून्याची पाटी

“मग माझं चुकलं कुठे, नाना?”

शेजवळ नाना ओट्यावर बसून मटार सोलत होते. उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे.

मी शेजारचा, तिथेच बसलो होतो. विचारणारा हा हेरंब म्हणजे नानांचा जुना शिष्य. त्यांच्या हाताखाली बांधकाम शिकला आणि आता मस्कत, कोलंबो, नैरोबी अशा तीन ठिकाणच्या बांधकामांवर सुरक्षेचा बडा साहेब. सुट्टीवर आला की नानांच्या पाया पडायला हटकून यायचा. वाकायचा कमरेत, मान मात्र ताठच!

“माझ्या तिन्ही साइटच्या फाटकावर पाटी आहे. ‘अपघात : शून्य.’ आणि हा मस्कतचा बिसेसर, उंचावर चढायची परांची बांधणारा, आपणहून येऊन सांगतो, ‘साहेब, काल माझ्याकडून पाइप धरणारा एक क्लॅम्प ढिला राहिला होता. आज दिसला, आवळला.’ काढून टाकला त्याला. उद्या त्याचं परतीचं विमान आहे.”

“बाकीचे काय म्हणाले?”

“चकार शब्द नाही कुणाचा.”

नानांचा हात थांबला.

“आपण दवाखाना बांधला, ते काम आठवतं?”

“विसरेन कसा!” हेरंबचा चेहराच बदलला. “दिवस मावळला की सगळे वाळूच्या ढिगावर. तुमचा नेमच होता, आज कुणाची कशी तंतरली ते आधी सांगायचं, मग चहा. ती कृष्णाबाई म्हणायची, ‘आज घमेलं सुटलं हातातनं, मुकादमाचं डोस्कं वाचलं बगा!’ मुकादमच सगळ्यात मोठ्यानं हसायचा...”

तो परातीतला एक मटार उचलून बोटांत फिरवू लागला.

“तशी संध्याकाळ पुन्हा नाही मिळाली, नाना. कुठल्याच देशात नाही.”

“तूही सांगितलं होतंस काहीतरी.”

“हो... परांचीची एक फळी बांधायची राहिली होती माझ्याकडून.”

“मग?”

“मग काय... तुम्ही चहा दिलात.”

नाना गालातल्या गालात हसले.

“आणि तुझ्याकडे आता काय सांगतात रे लोक?”

“सांगायला काही नसतंच.”

“अरे वा! तीन देशांत माणसं एवढ्या उंचावर चढतात, आणि कुणाची तंतरतच नाही?”



हेरंबने खिशातून फोन काढला. बिसेसरला थांबवायला मस्कतचा नंबर काढला, पण लावेना. चूक झाली की माणूस घरी, हा इतकी वर्षं जपलेला नियम असा एका फोनवर मोडायचा म्हणजे जिवावर येणारच की.

“पण नाना, चूक त्याच्याच हातून झाली ना? त्याने बांधलेल्या परांचीवर मी माणसं कोणत्या भरवशावर चढवू?”

नानांनी मटारची परात बाजूला सारली.

“मला चढायला सांगशील ना, तर मी फक्त त्याच्याच परांचीवर चढेन.”