नदीकाठचे हौद

कोणे एके काळी, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हा, एका राज्यात रंगाऱ्यांचं गाव होतं. तिथं रंगवलेली लुगडी खुद्द राणी नेसत असे आणि गावाला त्याचा जरा जास्तच अभिमान होता.

कापड रंगवून झालं की मागं उरायचं ते पाणी विषारी. त्यात मोरचूद, चुना आणि आणखी काय काय मिसळलेलं असे. पण रंगारी प्रामाणिक होते. दरवर्षी ते गुडघाभर पाण्यात उभे राहून नदीपुढं शपथ घेत, की तुझ्यात एक थेंबही सोडणार नाही. आणि खरंच सोडत नसत. त्यांनी काठावरच दगडी हौद बांधले होते, त्यात ते सगळं साठवत. काठावरच का, तर उगाच चढण कोण चढणार?

नदीच्या खालच्या अंगाला एक शहर होतं. ते याच नदीचं पाणी पीत असे. रंगाऱ्यांतल्या एका म्हातारीची लेक तिथं दिली होती आणि तिचं मूल नुकतंच रांगायला लागलं होतं.

एका वर्षी समुद्रावरून मोठं वादळ आलं. झाडं उन्मळली, पाऊस थांबायचं नाव घेईना. नदी पात्र सोडून काठावर चढली आणि हौदांवरून वाहत गेली. पूर ओसरला तेव्हा हौद घासलेल्या भांड्यांसारखे लख्ख होते. आयतीच सफाई झाली म्हणून रंगारी खूशही झाले.

मग खालून निरोप आला. शहरात घरोघरी माणसं ओकत होती. पाण्यावर गेलेली गुरं तिथंच पडत होती. म्हातारीच्या नातवाच्या पोटात काही टिकत नव्हतं आणि त्याला रडायचीही ताकद उरली नव्हती.

गाव पारावर जमलं. जो तो सांगू लागला, की मी नदीत थेंब टाकलेला नाही. पुरात बीळ गेलेलं एक पाणमांजर तिथं येऊन बसलं होतं. ते म्हणालं, "तुम्ही खरंच बोलताय. पण शपथ तुम्ही घेतली होती. नदीनं नव्हती घेतली, की मी तुमच्या हौदापाशी येणार नाही."

म्हातारीनं पदर खोचला आणि सांगितलं, की आता हौद माळावर बांधायचे, पुराची खूण आहे त्याच्याही पुष्कळ वर. लोकांनी कुरकुर केली. चढण अवघड आहे, असं वादळ काय रोज येतं! ती वाद घालत बसली नाही. आपल्या हौदाचे दगड उपसून ती एकटीच वर वाहू लागली. तिला वाकून चढताना बघणं लोकांना जड गेलं. हळूहळू सारं गाव कामाला लागलं.

राहिला तो एक बडा रंगारी. माझ्या एका हौदानं काय होतंय, असं तो म्हणे. तेव्हा म्हातारी घागर घेऊन त्याच्याच हौदावर गेली आणि तिथलं पाणी भरू लागली.

"आजी, हा हौद माझा आहे," तो म्हणाला.

"हौद तुझाच आहे, बाबा. त्यातलं पाणी माझ्या नातवाच्या पोटात जातं."

घागर डोक्यावर घेऊन ती चढू लागली. मग धावत जाऊन त्यानं ती घागर उतरवून घेतली.

काही वर्षांनी आधीच्याहून मोठं वादळ आलं. नदी पारापर्यंत चढली, पण माळावरच्या झाकणबंद हौदांना तिचा शिंतोडाही लागला नाही. शहरातलं पाणी गढूळ झालं, नुसतं गढूळ. लोकांनी त्यात तुरटी फिरवली. म्हातारीचा नातू ते घटाघट प्यायला आणि चिखलात खेळायला पळाला.

विष नदीत टाकलं नाही एवढ्यानं भागत नाही. नदी पोहोचेल तिथं ते ठेवलं, तर ते नदीतच टाकलं.