पाण्याबरोबर चालणारा

ऐका मंडळी, लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी कान इकडं करा. गोष्ट जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, मोजणारे केव्हाच गेले.

एक गाव होतं. गावाला एक लांबलचक पाट होता, आणि त्या पाटावर चार वाड्या जगत होत्या. पाटाच्या तोंडाशी वरलीवाडी, मग मधल्या दोन, आणि अगदी टोकाला शेवटवाडी. पाणी वाटणाऱ्याला पाटकरी म्हणत. गावचा खरा पुढारी तोच. राजा कुठं लांब बसलेला, त्याला कोण विचारतो? पाणी ज्याच्या हाती, गाव त्याच्या शब्दात.

वाटपाची रीत सोपी होती. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती बुडाली की एक घटका झाली. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक वाडीला आठ घटका पाणी. आठवी वाटी बुडाली की शिंग फुंकायचं, पाट अडवणारी फळी टाकायची आणि पुढच्या वाडीची पाळी सुरू. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. गावाला आपल्या या न्यायाचा भारी अभिमान होता.

पाटकरी व्हायचं तर आधी महिनाभर गोदाईच्या हाताखाली शिकावं लागे. गोदाई जुन्या पाटकऱ्याची बायको. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट आणि मनानं लोणी. त्या वर्षी तिच्याकडं केरबा शिकायला आला. वरलीवाडीचा, चांगला मिसरूड फुटलेला, हुशार गडी. फळी कशी उचलायची, गाळ कसा काढायचा, सगळं झटक्यात शिकला. महिना सरत आला तसा तो म्हणाला, "गोदाई, पाटकरी झालो की पहिलं काम ठरलंय. शेवटवाडीची पाळी निम्मी करणार. आठ घटका पाणी घेतात आणि रान बघावं तर करपलेलं! आळशी आहेत मेले. कष्ट करणाऱ्यांना तरी मिळेल."

"अगं बाई!" गोदाई म्हणाली. "कितीदा गेलास तिकडं?"

"जायला कशाला हवं? सगळं गावच म्हणतं की."

 गोदाईनं केरबाच्या पायातल्या वहाणा काढून घेतल्या. "उद्या सकाळी शेवटवाडीची पाळी. मी फळी उचलते, वाटी सोडते. तू पाण्याबरोबर चालायचं. पाण्याच्या पुढं एक पाऊल नाही, मागं एक पाऊल नाही. हा शेवटचा धडा."

केरबाला हसू आलं. पाण्याबरोबर चालायला काय शिकायचंय? पण गोदाईपुढं कोण बोलणार!

सकाळी फळी उचलली. कोरड्या पाटात पाणी शिरलं आणि केरबा त्याच्या बाजूनं निघाला. थोडं चालला की थांबावं लागे. तापलेली माती पाणी पीत बसायची. भेगा भरायच्या, खळगे भरायचे, मग कुठं ते जीभ काढल्यासारखं पुढं सरकायचं. केरबा चिडला, मग कंटाळला. मधल्या वाडीतल्या बाया त्याला बघून हसल्या. "काय रे केरबा, वरात कुणाची?" बिचारा मान खाली घालून उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं, तळवे पोळले.

शेवटवाडीच्या पहिल्याच बांधावर एक बाई फावडं घेऊन उभी होती. ठकू तिचं नाव. मागं तिचा पोटरीला आलेला जोंधळा. पानं सुरळी झालेली. आज पाणी मिळालं तर कणीस भरणार, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत नुसता कडबा. आणि जोंधळा गेला की ठकूला गाव सोडून जायचं होतं, घरात दाणा उरला नव्हता.

पाणी तिच्या बांधाला लागलं. तिनं लगबगीनं बांधाचं तोंड फोडलं. एक सरी भिजली, दुसरी भिजली, आणि तेवढ्यात लांबून शिंग ऐकू आलं. पाणी बारीक झालं, आणि थांबलं.

"अहो थांबा! आत्ता तर आलंय!" केरबा वरच्या दिशेनं जीव तोडून ओरडला.

ठकूला हसू फुटलं. "ओरडून उपयोग नाही भाऊ. आमचे आजेसासरेही असेच ओरडायचे."

"मग सभेत का सांगत नाही तुम्ही?"

"सांगतो की. पण सभेत बसायचं पाटाच्या क्रमानं, बोलायचं पाटाच्या क्रमानं. आमची पाळी येईतो माणसं धारा काढायला उठलेली असतात." असं म्हणून तिनं घरातून ताकाचा गडवा आणला. "पी. पाय बघ काय झालेत तुझे."

केरबानं गडवा बांधावर ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी. तो तसाच अनवाणी आल्या वाटेनं पळत सुटला.

पाटाच्या तोंडाशी त्याचे वडील पुढची पाळी घ्यायला उभे होते. वरलीवाडीचं पहिलं रान त्यांचंच.

"आबा, पाणी घेऊ नका. शेवटवाडीची पाळी अजून सुरूच झाली नाही!"

"शुद्धीवर आहेस का? आठ वाट्या बुडाल्या."

"वाट्या इथं बुडाल्या. पाणी तिथं आत्ता पोचलं. सगळा वेळ पाटानं प्यायला. इथून दिसतच नाही हो ते!"

"वाडवडिलांपासून असंच चालत आलंय. आणि ती माणसं आळशी आहेत."

"सकाळपर्यंत मीही हेच म्हणत होतो," केरबा म्हणाला.

मग गोदाई हळूच बोलली. "मी चाळीस वर्षं म्हटलं. घटका मोजल्या, पोरं शिकवली, पण टोकाला कधी गेले नाही. गेल्या साली माझी शेळी सुटून तिकडं पळाली म्हणून गेले, तेव्हा कळलं. पदर तोंडाला लावून रडले मी तिथं. सांगून कुणाला पटणार नव्हतं, म्हणून याला चालायला लावलं."

आबांनी केरबाच्या पोळलेल्या पायांकडं बघितलं. म्हणाले, "पोरा, त्या बाईनं शिव्या दिल्या का रे आपल्याला?"

"नाही. ताक दिलं."

आबांनी फावडं खाली ठेवलं. धोतर खोचलं, पाटात उतरले आणि स्वतःच्या हातानं फळी उचलली. "पाट ओला आहे तोवर जाऊ दे खाली. आमची केळी थांबतील," म्हणाले. 

ठकूचा जोंधळा वाचला. ती गावातच राहिली. केरबा पाटकरी झाला, आणि त्यानं दोन रीती बदलल्या. पाणी बांधाला लागलं की मगच त्या वाडीची वाटी सोडायची, आणि सभेत पहिला शब्द पाटाच्या टोकाचा.

पहिल्या सभेत ठकूला उभं केलं, तर तिला बोलताच येईना. सगळ्यांच्या आधी बोलायची सवयच नव्हती बिचारीला. सगळं गाव थांबलं, कुणी उठलं नाही. शेवटी ती म्हणाली, "वरच्या वळणाला पाट फुटलाय. तुमचंही पाणी वाया जातंय. आम्हाला कधीचं ठाऊक आहे."

त्या दुपारी चारही वाड्या मिळून ते वळण बांधायला गेल्या.

तेव्हा मंडळी, एवढं गाठीला बांधा: ज्याला सगळ्यांचं पुढारपण करायचं आहे, त्यानं आधी सगळ्यात शेवटच्या माणसाच्या बांधावर जाऊन उभं राहावं.